दोरी, ओळंबा आणि हवेचा गेज: ट्रॅकसाठी गाडीचं अलाइनमेंट खळ्यावरच कसं करतो

काळी_माती
मंडळी, हा धागा बरेच दिवस मनात होता. कापसाची वेचणी आटोपली, आता जरा उसंत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी केळापूर तालुक्यातला, शेती करतो. गाडी २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट, टायर १८५/६५ आर १५. ट्रॅकवर गाडी चालवायचा नाद चार वर्षांपूर्वी लागला. आपल्याकडे जवळपास ट्रॅक नाही, म्हणून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला जातो. तोच जुना मद्रासचा ट्रॅक, ३.७१७ किमीचा, १२ वळणांचा. पांढरकवड्यावरून ४४ नंबरचा हायवे धरून हैदराबाद, तिथून चेन्नई, सगळे मिळून हजार किलोमीटरच्या आसपास. त्याच गाडीने जायचं, तीच ट्रॅकवर फिरवायची, तिनेच घरी यायचं. ट्रेलरवर गाडी नेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. खाली जे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी.

पहिल्यांदा जाण्याआधी एका शहरात कम्प्युटरवर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतलं. स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे. पोरगा म्हणाला, एकदम ओके. ट्रॅकवर दुपार होईपर्यंत पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड अशी झाली की रबराच्या वळ्या नखाने सोलून निघत होत्या. उजवा टायर मात्र ठीक. परत आल्यावर तो छापील कागद शांतपणे वाचला. डावा कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल, अधिक ०°१०′, उजवा वजा ०°४०′. वजा म्हणजे माथा आत, अधिक म्हणजे बाहेर. मशीनमध्ये भरलेली सूट मोठी होती, त्यामुळे दोन्ही हिरव्यात बसले. ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे उजवी वळणं जास्त, म्हणजे सगळा भार डाव्या बाजूवर. ज्या चाकाचा माथा आत झुकलेला हवा होता, नेमकं तेच बाहेर कललेलं होतं.

तेव्हापासून गाडी मी स्वतः मोजतो. हिरवा आकडा एवढंच सांगतो की रस्त्यावर टायर बऱ्यापैकी टिकेल. वळणात टायर जमिनीला कसा टेकतो, ते त्यात येत नाही. आणि मोजायला लाखाचं मशीन लागत नाही. गवंड्याची दोरी, ओळंबा, लेव्हलचा पाईप, स्टीलची पट्टी आणि हवेचा एक विश्वासाचा गेज, एवढ्यावर काम होतं.

माझी पद्धत सांगतो. आधी चारही टायरमध्ये हवा सारखी. डिकीत स्टेपनी असेल तर असू दे, पण ट्रॅकवर काढणार असाल तर आत्ताच काढा. ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाएवढं सोयाबीनचं पोतं ठेवतो. गाडी एका बाजूला थोडी बसते आणि कॅम्बर बदलतो, म्हणून हे टाळायचं नाही. मग गाडी दहा-बारा फूट मागे-पुढे ढकलायची, बॉनेट दोनदा दाबून सोडायचं, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. स्टिअरिंग सरळ करून सीटला दोरीने आवळून टाकायचं.

टो म्हणजे वरून बघताना चाकाचं तोंड आत आहे की बाहेर. तो मोजायला गाडीच्या दोन्ही बाजूंना लाईनदोरी ताणायची, चाकाच्या मध्याच्या उंचीवर. खुंट्या हलल्या तर सगळं वाया, म्हणून मी लोखंडी सळ्या सिमेंटच्या जुन्या डब्यांत उभ्या करून ठेवल्या आहेत. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून दोरीचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला सारखं हवं, मागच्या दोन्ही चाकांचंही तसंच. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळणार नाही, कारण पुढच्या-मागच्या चाकांमधली रुंदी सारखी नसते. ते जुळवायला जाऊ नका, तिथेच बहुतेक जण फसतात. दोरी बसली की रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत किती, मागच्या कडेपासून किती, हे मोजायचं. पुढचं अंतर कमी भरलं तर चाक बाहेर बघतंय, जास्त भरलं तर आत.

कॅम्बरचं उद्या लिहितो, लाईट जायची वेळ झाली.

वणीकर_पोट्टा
दादा, जबरदस्त. एकच विचारतो. आमच्याकडे खळ्यावर कोबा आहे, पण तो सपाट आहे का कोण जाणे. जमीन तिरपी असली तर सगळं मोजमाप चुकणार ना?

काळी_माती
चुकणारच. आणि आपल्याकडे हा प्रश्न जास्तच. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि वरचा कोबा तिच्याबरोबर हलतो. माझ्याच खळ्यावर मे महिन्यात बरोबर लागलेली जागा सप्टेंबरमध्ये एका चाकाखाली सहा मिलिमीटर वर आली होती. म्हणून एकदा लेव्हल बघितली की झालं असं नाही, प्रत्येक वेळी बघायची.

गवंड्याचा_नातू
लेव्हलचं मी सांगतो, हे आमच्या घरातलं काम. पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे पूर्ण जाऊ द्या. एक टोक पहिल्या चाकाच्या जागी धरा, दुसरं एकेक करून बाकी तीन जागी. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबतं, फरक पट्टीने मोजा. जिथे जागा खाली असेल तिथे फरशीचे तुकडे आणि प्लायचे पातळ काप घालून चारही जागा एका पातळीत आणा. अर्धा तास लागतो. आजोबा म्हणायचे, पाणी खोटं बोलत नाही.

आणि पुढच्या चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत टाईल्स, चमकदार बाजू समोरासमोर, मध्ये ग्रीस. त्याशिवाय टाय रॉड (टो बदलायचा दांडा) फिरवला तरी टायर जमिनीला चिकटून राहतो आणि खोटा आकडा दाखवतो. या टाईल्सची जाडी लेव्हल काढतानाच धरा, आणि मागच्या चाकांखालीही तेवढीच उंची द्या.

काळी_माती
धन्यवाद नातूभाऊ, टाईल्सचं मी लिहायचं विसरलो होतो.

आता कॅम्बर. मडगार्डच्या कडेला एक लाकडी पट्टी अडकवून तिच्यावरून ओळंबा सोडतो. दोरी टायरच्या खालच्या फुगीर भागाला टेकता कामा नये, दोन-तीन सेंटिमीटर लांब राहू द्या. वारा असेल तर ओळंबा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, डोलणं लगेच थांबतं. मग रिमच्या वरच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंत अंतर मोजा. १५ इंची रिमची बाहेरची कड ते कड साधारण ४०० मिमी असते, त्यात एक अंश म्हणजे ७ मिमी. वरची कड खालच्यापेक्षा १० मिमी जास्त आत असेल तर जवळपास वजा दीड अंश. पट्टीने अर्धा मिलिमीटर वाचता येतो, आपल्या कामाला तेवढं पुष्कळ झालं. रिम वाकडी असेल तर गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या.

स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब. वळणात गाडी कलली की बाहेरच्या चाकाचा माथाही तिच्याबरोबर बाहेर कलतो आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. म्हणून आधीच माथा आत झुकवून ठेवायचा. मी स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांच्या जोडावर वरच्या भोकात कॅम्बर बोल्ट (ज्यांनी हा कल थोडा बदलता येतो) टाकले आणि दोन्ही बाजू वजा दीडवर आणल्या. कॅम्बर हलवला की टो हलतोच, तेव्हा आधी कॅम्बर, मग टो. उलट केलं तर दिवसभर फिरत बसाल.

जुना_फिटर
काळी माती भाऊ, सांगून बरं केलं. मी तीस वर्सं झाली ट्रॅक्टर आन् गाड्या खोलून रायलो. एक गोष्ट पोट्ट्यांले सांगून ठेवतो. कॅम्बर बोल्ट मिळत नाही म्हणून कानशीनं नाही तं ग्राइंडरनं स्ट्रटचं भोक लांब करू नका. पाह्यलं आहे म्या, त्या भोकातून बोल्ट सरकला आन् चाक एकदम बाहेर गेलं. ब्रेक मारल्यावर गाडी कोनीकडे जाईन काही नेम नाही. कॅम्बर बोल्टही मूळ बोल्टापेक्षा बारीक असते, म्हणून त्याच्यासंग आलेल्या कागदावर जेवढा टॉर्क लिहिला तेवढाच टॉर्क रेंचनं द्या. पाईप लावून आवळू नका.

दुसरं, माथा आत झुकवला की टायर स्ट्रटच्या जवळ येते. करंगळी आरपार गेली पाह्यजे. नाही गेली तं थांबा.

आन् हे सारं करायच्या आंधी बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश पाह्यले का? चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा, मंग डावं-उजवं हलवा. खडखड लागली तं दोरी गुंडाळून ठेवा, पह्यले ते पार्ट बदला. सैल गाडीचं अलाइनमेंट म्हणजे ओल्या मातीवर भिंत.

काळी_माती
काका, अगदी खरं. माझा उजवा लोअर आर्म बुश याच तपासणीत गेलेला सापडला होता.

हिंगणघाटची_लेक
माझी पोलो आहे, यंदा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पहिल्यांदा जाणार. अलाइनमेंटचं समजलं, पण टो किती ठेवायचा हे दादांनी लिहिलं नाही. सगळीकडे वाचते की ट्रॅकसाठी पुढे टो बाहेर ठेवा, गाडी वळणात पटकन शिरते.

काळी_माती
ताई, शिरते, हे खरं. पण तुम्हीही त्याच गाडीने जाणार असाल तर हिशोब बघा. एका चाकाला १ मिमी बाहेर, म्हणजे ४०० मिमीत १ मिमी. ते चाक दर किलोमीटरला अडीच मीटर बाजूला घासत जातं. हजार किलोमीटरचा एकेरी प्रवास म्हणजे अडीच किलोमीटर नुसतं आडवं घासणं. कॅम्बरने टायर खातो असं सगळे म्हणतात, पण माझ्या अनुभवात दीड अंशाच्या कॅम्बरने फारसं बिघडत नाही, टायर खातो तो चुकीचा टो. दुसऱ्या खेपेला मी हौसेने दोन्ही बाजूंना २ मिमी बाहेर ठेवला होता. गाडी वळणात सुरेख शिरायची. घरी पोचलो तेव्हा आतल्या कडेची नक्षी गेलेली होती आणि हायवेवर ट्रकच्या चाकोऱ्यांत गाडी सतत भटकायची, हात दुखून आले.

आता पुढे शून्य ठेवतो. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम) आहे, त्याचा टो नटाने बदलत नाही, हबमागे शिम (पातळ चकती) घालावी लागते. मी मोजला, दोन्ही चाकं थोडी आत बघत होती, गाडी स्थिर राहते, म्हणून हात लावला नाही. तुमचीही मागची बाजू मोजून लिहून ठेवा. मागचं एक चाक बाहेर बघत असेल तर जोरात ब्रेक लावताना गाडीची शेपटी सुटते, नवख्या माणसाने ते अंगावर घेऊ नये.

वणीकर_पोट्टा
आणि हवा? माझे मामा उन्हाळ्यात समृद्धीवर जाताना २६ पीएसआयच ठेवतात. म्हणतात, गरमीत हवा फुगते, टायर फुटतो.

जुना_फिटर
मामांले हात जोडून सांग बाप्पा, असं करू नका. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याले दबते आन् उलगडते. त्या दबण्यानंच टायर तापते. सिमेंटचा रस्ता, १२० ची स्पीड, वरतून आपलं ४५ डिग्री ऊन. आतला धागा सुटला की मंग फुटते. दारावरच्या स्टिकरवर जो आकडा लिहिला तो थंड टायरचाच आहे, तापल्यावर हवा वाढन हे कंपनीनं धरूनच लिहिलं.

काळी_माती
काकांना दुजोरा. आकड्यात सांगतो. २५ अंशाला गेजवर ३० असेल तर टायरमधली हवा ४५ अंशाला गेल्यावर ३३ दाखवेल, ७० अंशाला गेल्यावर जवळपास ३७. ढोबळमानाने दर १० अंशांना दीड पीएसआय. ही वाढ तापलेला टायर सहज सोसतो.

ट्रॅकवर मात्र आपण उलट्या बाजूने बघतो. तिथे थंड आकडा महत्त्वाचा नाही, गरम आकडा महत्त्वाचा. माझ्या गेल्या खेपेच्या वहीतलं देतो. सकाळी सावलीत चारही टायर ३०. पाच फेऱ्या जोरात मारून आत आलो, लगेच मोजलं: पुढचा डावा ३८, पुढचा उजवा ३६, मागचे दोन्ही ३४. पुढे गाडी वळणात सरळ जाऊ पाहत होती, टायर मधोमध फुगून चालत होता. पुढचे दोन्ही ३५ वर आणले. पुढच्या पाच फेऱ्यांत फरक इतका स्पष्ट होता की शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्यालाही जाणवला. दुसऱ्या दिवशी पुढचा डावा २७ आणि उजवा २८ वरून सुरू केला, गरम झाल्यावर दोन्ही ३५ च्या आसपास येऊन थांबले. हे आकडे माझ्या गाडीचे, माझ्या टायरचे. तुमचे वेगळे येतील, पण काढायची रीत हीच.

किती हवा बरोबर, हे खडूने कळतं. शाळेचा साधा खडू घ्या. टायरच्या खांद्यावरून बाजूपर्यंत तीन-चार ठिकाणी जाड रेघ ओढा. बहुतेक टायरच्या खांद्यावर एक बारीक त्रिकोण असतो. फेऱ्या मारून आल्यावर खडू त्या त्रिकोणापर्यंत पुसलेला असला की ठीक. त्रिकोण ओलांडून बाजूवर पुसला असेल तर टायर लोळतोय, हवा वाढवा, किंवा कॅम्बर कमी पडतोय. त्रिकोणाच्या बराच अलीकडे थांबला असेल तर हवा जास्त. माझ्या पहिल्या खेपेला खडू लावला असता तर डाव्या टायरवरची रेघ पहिल्या पाच फेऱ्यांतच बाजूपर्यंत पुसलेली दिसली असती.

हिंगणघाटची_लेक
तापमान मोजायची बंदूक घेतली तर चालेल का? ऑनलाइन स्वस्तात मिळते.

काळी_माती
ती फक्त वरची कातडी बघते, आणि पिटमध्ये येईपर्यंत ती कातडी थंड झालेली असते. सुईचा थर्मामीटर रबरात थोडा टोचून आत, मध्ये, बाहेर अशा तीन जागी वाचा. आतली कड बाहेरच्यापेक्षा थोडी गरम, मधला आकडा त्या दोघांच्या मध्ये, असं असलं की टायर नीट टेकतोय. मधलाच सगळ्यांत गरम असेल तर हवा जास्त. बाहेरची कड तापली असेल तर कॅम्बर कमी. मी वजा दीडवर गेल्यावरही डाव्या चाकाची बाहेरची कड थोडी गरमच येते, म्हणजे अजून कॅम्बर हवा आहे. पण माझ्या बोल्टात तेवढीच जागा आहे, आणि हायवेसाठी मला तेवढाच बरा वाटतो.

गेज एकच ठेवा आणि तो गाडीतच ठेवा. आमच्या रस्त्यावरच्या तीन पंक्चरवाल्यांकडे एकाच टायरचे ३०, ३३ आणि २८ असे आकडे आले. तुमचा गेज अर्धा पीएसआय चुकीचा असला तरी चालेल, फक्त रोज तेवढाच चुकला पाहिजे. आणि गाडी एका बाजूने उन्हात उभी असेल तेव्हा मोजू नका, उन्हातला आणि सावलीतला टायर दोन पीएसआयने सहज वेगळे येतात.

गवंड्याचा_नातू
नायट्रोजनबद्दल काय मत?

काळी_माती
नायट्रोजनचा खरा फायदा हा की तो कोरडा असतो. साध्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते टायरमध्ये गेलं की तापल्यावर वाफ होऊन दाब वेडावाकडा वाढतो. पावसाळ्यात तर हमखास. कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढून टाकायला सांगा, मग साध्या हवेनेही काम होतं. मी पैसे नायट्रोजनऐवजी ब्रेक ऑइलवर घालतो. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरला की तीच हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. ट्रॅकला जाण्याआधी बदलाच.

जुना_फिटर
टायर घेतानी बाजूवरचे चार आकडे पाह्यजा. पह्यले दोन हप्ता, मागचे दोन साल. दुकानात पडून म्हातारं झालेलं टायर नक्षीनं नवं दिसते, पण रबर कडक झालं रायते. आन् हरेक वेळी ट्रॅकवरून आल्यावर चाकाचे नट टॉर्क रेंचनं पाह्यत जा.

काळी_माती
आणि एक, हे ताईंसाठी खास. ट्रॅकवरून निघण्याआधी हवा परत स्टिकरच्या आकड्यावर आणा. ट्रॅकसाठी २७ वर उतरवलेला टायर तसाच घेऊन रात्री सामान भरून हायवेला लागणं म्हणजे मामांचीच चूक दुसऱ्या वाटेने करणं. मी मुक्कामी थांबतो, सकाळी टायर थंड असताना पायपंपाने भरतो आणि मगच निघतो.

वणीकर_पोट्टा
मामांना हा धागा वाचून दाखवला. आज त्यांनी स्टिकर बघून हवा भरून आणली. दादा, मला माझी आय२० एकदा तुमच्यासमोर मोजायची आहे. येत्या रविवारी जमेल का?

काळी_माती
ये ना. सकाळी सहाला पोच, ऊन चढायच्या आत लेव्हल काढून घेऊ. टाईल्स, ग्रीस, ओळंबा माझ्याकडे आहे. पाण्याची नळी मात्र उन्हाने कडक होऊन चिरली आहे, तेवढी दहा मीटर घेऊन ये. आणि तुझं वजन सांग, तेवढं पोतं भरून ठेवतो.

वणीकर_पोट्टा
६४ किलो. नळी घेतली.